पीएमपीचा शनिवार-रविवार क्लास: ५ पैकी साडेतीन तारे

मी सिव्हिलवाला. बारा वर्षं साइटवर गेली, त्यातली शेवटची चार कार्डावर 'प्रोजेक्ट मॅनेजर' छापून. तरी मोठ्या कंपनीत अर्ज केला की एचआरचा पहिला प्रश्न ठरलेला, "पीएमपी आहे का?" पीएमपी म्हणजे 'प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल', परीक्षा देऊन मिळणारं प्रोजेक्ट मॅनेजरचं सर्टिफिकेट. शेवटी १८,००० रुपये भरले आणि पुण्यातल्या एका क्लासला बसलो. नाव घेत नाही, कारण पुढं तक्रारी आहेत.

चार वर्षांची पदवी असेल तर या परीक्षेला ३६ महिने प्रोजेक्ट सांभाळल्याचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण लागतं. ते ३५ तास क्लास भरून देतो, त्या तासांचं सर्टिफिकेटही वेळेत हातात पडलं. निम्मी मंडळी तेवढ्यासाठीच आली होती, मागं बसून मोबाइल बघायची.

पैसे वसूल झाले ते एकाच दुपारी. विषय अर्न्ड व्हॅल्यू, म्हणजे झालेल्या कामाची ठरलेली किंमत काढून ती खर्चाशी ताडून बघणं. सरांची उदाहरणं एरवी ॲपची नाहीतर सर्व्हरची, त्या दिवशी मात्र त्यांनी माझ्या साइटवरच गणित घातलं. दहा स्लॅब, प्रत्येकी १० लाख. आजपर्यंत सहा व्हायला हवे होते, झालेत पाच, खर्च ५५ लाख. "काय म्हणता, कसं चाललंय?"

मी म्हटलं, "सर, लेट आहोत, पण ६० धरले होते, ५५च गेले. पाच लाख वाचले की."

"झालेलं काम कितीचं?"

"पन्नासचं."

"मग पन्नासच्या कामाला पंचावन्न घातलेत. वाचले कुठून?"

याच चालीनं गेलं तर एक कोटीचं काम एक कोटी दहा लाखांवर जाणार. आणि मी चार वर्षं दर सोमवारच्या रिपोर्टात असले 'वाचलेले' पैसे हिरव्या रंगात दाखवत होतो!

आता तक्रारी. छापील नोट्स पीएमबॉक गाइडच्या, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या प्रमाण पुस्तकाच्या, सहाव्या आवृत्तीवरच्या. ४९ प्रोसेस घोकून घेतल्या. २०२१च्या सातव्या आवृत्तीत त्या चौकटीच्या जागी १२ तत्त्वं आली, हे मला घरी बसून कळलं. मी २०२४ मध्ये पेपर दिला, तेव्हा साधारण निम्मे प्रश्न ॲजाइल (छोट्या टप्प्यांत काम करत आराखडा बदलत जाण्याची पद्धत) आणि हायब्रिडचे (ती आणि नेहमीची पद्धत मिळून) असायचे. क्लासमध्ये ॲजाइलला किती वेळ? एक रविवार, तोही जेवणानंतरचा. साइटवाल्याला तर नेमकं तेच नवीन. शेवटी ते माझं मीच वाचलं. पेपर १८० प्रश्नांचा, २३० मिनिटांचा, मध्ये दहा-दहा मिनिटांच्या दोन सुट्ट्या. पाठांतराचं जवळपास काही आलंच नाही. सगळे प्रश्न 'अशा वेळी आधी काय कराल?' या थाटाचे. पास झालो, पण त्याचं श्रेय मॉक टेस्टना. त्या मात्र क्लासच्याच, आणि चांगल्या होत्या.

जाहिरातीतलं 'करिअर मार्गदर्शन' म्हणजे रेझ्युमेची एक वर्ड फाइल. अर्जात आपल्या कामाचा अनुभव लिहायचा असतो, त्यात मदत शून्य. माझ्या चार रात्री गेल्या. नोकरी अजून बदललेली नाही. दोन इंटरव्ह्यू झाले. पीएमपीमुळं बोलावणं आलं हे खरं, पण आत गेल्यावर दोन्हीकडं विचारलं ते कॉन्ट्रॅक्टरची बिलं अडकली तेव्हा काम कसं चालू ठेवलंत, हेच.

अर्न्ड व्हॅल्यूचा कॉलम रिपोर्टात घातलाय. पहिल्याच सोमवारी साहेबांचा फोन आला, "अरे, तुझं एक्सेल बिघडलंय का? सगळं लाल दिसतंय."