मांडू की बीदर? सुलतानांचे महाल पाहायला निघण्याआधी

सुलतानी काळातले महाल पाहायची हौस आहे, सुट्टी दोनच दिवसांची आहे आणि ठिकाण एकच निवडायचंय, असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, महिना कोणता? ऑगस्ट-सप्टेंबर असेल तर डोळे मिटून मांडू. एरवी माझं मत बीदरकडे झुकतं.

मांडू म्हणजे आपला मांडवगड. इथला जहाज महाल मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्या मधोमध आहे. लांबी सुमारे 120 मीटर, रुंदी त्यामानाने फारच कमी. माळव्याचा सुलतान गियासुद्दीन खिलजी (1469 ते 1500) याच्या काळात तो बांधला असं मानतात. तळी तुडुंब भरली की महाल खरोखर नांगर टाकलेल्या जहाजासारखा दिसतो. मे महिन्यात तेच जहाज गाळात रुतलेलं असतं. गच्चीवर गोगलगाईच्या शंखासारख्या वळत जाणाऱ्या पन्हळी आहेत. पाणी हौदात पडण्याआधी त्यातून सावकाश फिरत यायचं. शेजारच्या हिंडोळा महालात नक्षीकाम जवळजवळ नाहीच. जाडजूड भिंती सुमारे 77 अंशांत तिरक्या उतरतात, आत कमानींची ओळ, बस्स. मला तो जहाज महालापेक्षाही जास्त आवडतो.

माळव्याचाच आधीचा सुलतान होशंगशाह याच्या संगमरवरी मकबऱ्यापाशी तुम्हाला सांगतील की यावरूनच ताजमहाल सुचला. तिथल्या लेखात शाहजहानच्या वास्तुकारांनी भेट दिल्याची नोंद आहे खरी, पण ती 1659 ची, म्हणजे ताज बांधून झाल्यानंतरची! आणखी एक: रूपमती मंडपातून खाली निमाडचा सपाट मुलूख आणि दूरवर नर्मदेची रेघ दिसते, पण पावसाळ्यात धुकं असेल तर फक्त धुकंच दिसतं.

बीदरचं सगळं उलट. लांबून पाहिलं तर जांभ्या दगडाचा लालसर किल्ला, कातळात खोदलेला तीन पदरी खंदक आणि आत पडझड. अहमदशहा बहमनीने 1430 च्या सुमारास गुलबर्ग्याहून राजधानी इथे हलवली. त्याच्या तख्त महालाचं छत गेलंय, पण कमानीवरचं सिंह-सूर्याचं चिन्ह आणि रंगीत फरशांचे तुकडे अजून आहेत. खरी चीज मात्र रंगीन महाल. बाहेरून पाहिलात तर पुढे निघून जाल इतका साधा. सोळाव्या शतकात, बहमनींनंतर बीदरवर राज्य करणाऱ्या अली बरीदशहाने तो नव्याने सजवला. आत कोरीव लाकडी खांब, आणि घोटून आरशासारख्या केलेल्या काळ्या दगडात शिंपल्याची नक्षी बसवलेली. तिथे नाक भिंतीला टेकवून उभं राहावं लागतं. मांडूला नेमकं उलट, जितकं मागे सराल तितकं ते खुलतं.

अडचण एकच. रंगीन महालाला अनेकदा कुलूप असतं. गेल्या गेल्या किल्ल्यातल्या संग्रहालयात चौकशी करा, नाहीतर ज्यासाठी गेलात तेच राहून जाईल.

प्रवासाचं म्हणाल तर इंदूरहून मांडू शंभरेक किलोमीटर. सगळं विखुरलेलं असल्यामुळे आत गाडी किंवा भाड्याची सायकल लागतेच. लातूर-उदगीरकडच्यांना बीदर घराजवळच आहे. पुणे-मुंबईकरांनी हैदराबादला उतरून पुढे 140 किलोमीटर जावं. बीदर एका दिवसात होतं, अगदी बहमनी वजीर महमूद गवानचा 1472 मधला मदरसा धरूनही. मांडूला मुक्काम हवा. गुडघे दुखणारं कुणी बरोबर असेल तर मांडूचे जिने जड जातील. बीदरलाही चालणं आहेच, पण कमी.

बीदरहून निघताना बिदरी कामाची, म्हणजे काळ्या धातूवर चांदीची नक्षी असलेली, एखादी छोटी डबी घ्या. तिचा काळा रंग पक्का करायला कारागीर नवसागरात जुन्या किल्ल्याची माती मिसळतात. काळ्यावर चांदीची तार आणि महालात काळ्यावर शिंपला. हे नातं मला दुकानात डबी हातात घेतल्यावर कळलं, महालात नाही.