मुलांचं जीपीएस घड्याळ: आठ महिने वापरल्यावर

आम्ही मानपाड्याला राहतो. लेक तिसरीत, स्कूल बसने जातो. गेल्या जूनमध्ये त्याच्यासाठी सिम टाकायचं जीपीएस घड्याळ घेतलं, ३,४९९ रुपयांना, ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानातून.

मोकळ्या मैदानात लोकेशन बरोबर येतं. इमारतीत शिरलं की उपग्रहाचा सिग्नल तुटतो, मग मोबाईल टॉवरवरून नुसता अंदाज. एका मंगळवारी भर शाळेच्या वेळेत लेक नकाशावर येऊरच्या जंगलात! माझे हातपाय गार पडले. बाईंना फोन केला, तर स्वारी बाकावर बसून डबा खात होती. चार्जिंग जेमतेम दिवसभर पुरतं. रबरी पट्ट्याखाली घामाने पुरळ उठलं, म्हणून कापडी पट्टा लावला. एसओएस, म्हणजे संकटात मदत मागायचं बटण मात्र उत्तम. तीन सेकंद दाबलं की मला, नवऱ्याला आणि अप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, ओळीने फोन येतो.

घेतलं ते भीतीपोटी. सोसायटीच्या ग्रुपवर व्हिडिओ आला होता: बाईकवरचे दोघे खेळतं मूल उचलून नेतात. खाली लिहिलेलं, ‘घोडबंदर रोडला टोळी फिरतेय.’ टीव्हीवर रोज रात्री तीच चर्चा. मीही तो व्हिडिओ तीन ग्रुपवर टाकला. नंतर कळलं की तो कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्मचा तुकडा आहे. शेवटी ते मुलाला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात, नेमकं तेवढंच कापलेलं. २०१८ पासून फिरतोय. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. तो व्हिडिओ मी पुढे पाठवला, याची मला फार लाज वाटते.

ऑगस्टमध्ये अप्पा दोन दिवस खोलीचं दार लावून व्हिडिओ कॉलवर होते. आम्हाला वाटलं, कंपनीतले जुने मित्र असतील. पलीकडे पोलिसाच्या गणवेशातला माणूस होता. ‘तुमच्या आधारवर ड्रग्जचं पार्सल सापडलंय, घरात कोणाला सांगितलंत तर अटक.’ अप्पांनी एफडी मोडून ६ लाख ८० हजार भरले. भिंतीच्या अलीकडे मी, बस कापूरबावडीला पोचली का ते मोबाईलवर बघत होते. तिसऱ्या दिवशी ते नवऱ्याला म्हणाले, ‘थोडे पैसे देशील का रे?’ तेव्हा उलगडा झाला.

‘डिजिटल अरेस्ट’, म्हणजे अशी व्हिडिओ कॉलवरची अटक, असं कायद्यात काही नाही, हे पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मन की बात’मध्ये सांगितलं होतं. आमच्या घरात टोळीच्या बातम्या तासन्‌तास चालल्या, पंतप्रधानांचं ते बोलणं मात्र कोणाच्या कानावर नव्हतं.

१९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन केला. बँक, रक्कम, वेळ, व्यवहाराचा नंबर विचारतात, हाताशी ठेवा. पैसे खात्यांमागून खाती फिरतात, म्हणून एकेक तास मोलाचा. आमचे १ लाख १० हजार अडवले गेले.

घड्याळाला पाचपैकी तीन. मूल एकटं क्लासला जात असेल तर जरूर घ्या, पण आजी-आजोबांचा फोनही त्याच दिवशी हातात घ्या.

दिवाळीत अप्पांनी घड्याळ हातात घेऊन विचारलं, ‘हे बटण माझ्या फोनवर बसतं का गं?’ बसवून दिलं. पहिला नंबर माझा आहे.