डॅशकॅम: ऑनलाइन मागवावा की म्हापशाच्या दुकानातून घ्यावा?

डॅशकॅम म्हणजे गाडीच्या पुढच्या काचेवर बसवून रस्त्याचं चित्रण करणारा कॅमेरा. तो ऑनलाइन घेण्याचा मोठा फायदा म्हणजे निवड. गोव्याच्या उन्हात उभ्या गाडीची काच तापते तेव्हा लिथियम बॅटरीच्या कॅमेऱ्यापेक्षा सुपरकपॅसिटरचा (बॅटरीऐवजी वीज साठवणारा, उष्णता सोसणारा भाग) कॅमेरा जास्त टिकतो, आणि असं मॉडेल दुकानात मिळेलच याची खात्री नसते. शिवाय २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याला परतीच्या अटी आणि वस्तू कुठल्या देशातली, हे आधीच सांगावं लागतं. खरेदीपूर्वी ते वाचाच.

पण वाट पाहावी लागते. जुलैत अनमोड किंवा चोर्ला घाटात दरड कोसळली की पार्सल पलीकडेच अडकतं. आतल्या वाड्यावर राहणाऱ्याला तर कुरियरवाला फोन करून नाक्यावरच बोलावतो. परतीची मुदत मात्र माल हातात पडल्यापासून धावू लागते, म्हणून कॅमेरा लगेच बसवून रात्रीचं चित्रण तपासा, नंबरप्लेट वाचता येते का ते बघा.

म्हापसा, पणजी, मडगावच्या दुकानांत भाव थोडा चढा असतो. तरीही वायरिंग करून घ्यायचं असेल तर मी दुकानच निवडेन. पार्किंग मोडसाठी, म्हणजे गाडी बंद करून उभी असतानाही चित्रण चालू राहावं म्हणून, वायर फ्यूजबॉक्समधून घ्यावी लागते आणि व्होल्टेज उतरताच वीज तोडणारं किट नसेल तर सकाळी गाडीची बॅटरी बसलेली असते. बसवणारा माणूस ओळखीचा असला की बिघाडानंतर दारात उभं राहता येतं.

मेमरी कार्ड कुठूनही घ्या, फक्त ‘हाय एन्ड्युरन्स’ असलेलंच. साधं कार्ड सततच्या पुनर्लेखनाने लवकर खराब होतं.