कार्डावर १२८ छापलेलं, आत ३२ निघालं

आमच्याच आळीतल्या काकांच्या मुलीचं लग्न होतं आणि फोटोंचं काम माझ्याकडे होतं. लग्नसराईत कॅमेऱ्याची मेमरी कार्डं कमी पडतात, म्हणून आदल्या आठवड्यात शहरात जाऊन १२८ जीबीचं एक एसडी कार्ड घेतलं. नामांकित कंपनीचं पाकीट, त्यावर ठळक १७० चा आकडा, यू३ आणि व्ही३० हे वेगाचे शिक्के. भाव मात्र नेहमीच्या निम्म्याहून कमी. दुकानदार म्हणाला, "पक्कं बिल पाहिजे असेल तर अठरा टक्के वर लागतील, बघा." मी नको म्हणालो.

सीमांतपूजन आणि हळद नीट पार पडली. तिथे एकेक फोटो काढत होतो, त्यामुळे काही जाणवलं नाही. दुसऱ्या दिवशी अंतरपाट खाली आला, मी शटर दाबून धरलं आणि पंचवीस-तीस फोटोंनंतर कॅमेरा थांबला. कार्डावर लिहिणं चालू असल्याचा लाल दिवा पेटलेलाच. अक्षता पडल्या, हार घालून झाले, नव्वदीच्या आजींनी पुढे येऊन नातीच्या तोंडावरून हात फिरवला. तरी दिवा विझेना.

खरं तर तेव्हाच कार्ड बदलायला हवं होतं. माझा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, एक रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातला कच्चा, फोटो साधारण २८ एमबीचा. तीस फोटो म्हणजे ८४० एमबी. सेकंदाला ७० एमबी लिहिणारं कार्ड हे बारा सेकंदांत उरकतं. माझ्या कार्डाला दीड मिनिट लागत होतं, म्हणजे वेग जेमतेम ९. व्ही३० चा अर्थच असा की सलग लिहिताना सेकंदाला निदान ३० एमबीची हमी. तो मोठ्ठा १७० चा आकडा असतो वाचण्याच्या वेगाचा, आणि तोही कंपनीच्या खास रीडरवर. यूएचएस-वन, म्हणजे माझ्यासारख्या कार्डांच्या प्रकाराची, नेहमीची मर्यादाच सेकंदाला १०४ एमबी आहे. कार्ड घेताना आपण सगळे तोच आकडा बघतो, आणि नकली माल विकणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. मी मात्र उन्हाने कॅमेरा तापला असेल असं समजून त्याच कार्डावर विदाईपर्यंत काम केलं.

रात्री फोटो उतरवायला घेतले. पहिले साधारण अकराशे उघडले. पुढच्या फाइलींची नावं होती, आकारही बरोबर दिसत होता, पण चित्र अर्धं राखाडी. त्यानंतरचे तर उघडेचनात.

आत चिप होती ३२ जीबीची. कार्डाचा कारभार सांभाळणाऱ्या चिपमध्ये, म्हणजे कंट्रोलरमध्ये, फेरफार करून त्याला १२८ सांगायला लावलेलं. कॅमेरा कार्डावर विश्वास ठेवतो, त्यामुळे उरलेल्या फोटोंचा आकडाही खोटाच दाखवतो. फॉरमॅट केलं तरी हे उघडं पडत नाही. फाइलींची यादी सुरुवातीच्या खऱ्या जागेत असते, म्हणून नावं दिसतात. फोटो मात्र कुठेच लिहिले गेलेले नसतात. डेटा रिकव्हरीवाल्यालाही विचारलं. जे लिहिलंच गेलं नाही ते परत कुठून येणार, असं तो म्हणाला आणि त्याने पैसेही घेतले नाहीत.

हे ओळखायची एकच खात्रीची पद्धत आहे. कार्ड रिकामं असतानाच ते काठोकाठ भरायचं आणि परत वाचून ताडायचं. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, मॅक आणि लिनक्सवर एफथ्री. दोन्ही प्रोग्रॅम फुकट आहेत, आणि लिहिण्याचा खरा वेगही सांगतात. १२८ जीबीला तासभर जातो. रात्री लावून झोपा, पण लावा. कार्ड परत करण्याची मुदत संपायच्या आत लावा.

दुकानात गेलो तर उत्तर मिळालं, "हे आमच्याकडचं कशावरून?" ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते, पण हातात बिलच नसल्यावर मी दाखवणार काय? ते अठरा टक्के द्या, पण कार्डाचं नाव लिहिलेलं बिल घ्याच. जमलं तर दोन कार्डं बसणारा कॅमेरा वापरा आणि प्रत्येक फोटो दोन्हींवर लिहायला लावा.

काकांचे पैसे मी परत केले. मग पाहुण्यांच्या मोबाइलमधले फोटो गोळा करत आठवडा घालवला. त्यात आजींचा एकच सापडला, जेवणाच्या पंगतीतला, पाठमोरा.