अळूच्या पानावरचा थेंब: मोबाइल की मॅक्रो लेन्स?

मोबाइल हाताशी असतो, हे त्याचं मोठं बळ. ऊन चढलं की थेंब जातो. कपाटातून कॅमेरा काढेपर्यंत तो थांबत नाही. पण बऱ्याच फोनचा मॅक्रो मोड, म्हणजे अगदी जवळून टिपायची सोय, अल्ट्रावाइड (खूप रुंद दृश्य घेणारी) लेन्स वापरतो. मग दोन-तीन सेंटिमीटरवर जावं लागतं आणि फोनचीच सावली थेंबावर पडते.

१०० मिमीची मॅक्रो लेन्स साधारण ३० सेंटिमीटरवरून १:१ आकारात टिपते, म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरवर थेंब खऱ्या आकाराइतकाच उमटतो. थेंबात उलटं दिसणारं अंगण, पानाची जांभळट शीर, अगदी लख्ख! फोकस मात्र एफ/११ लाही, म्हणजे लेन्सचं छिद्र बरंच लहान केलं तरी, जेमतेम मिलिमीटरभर. झुळूक आली की गेला.

रोज टिपायचं तर माझं मत मोबाइललाच. मॅक्रो मोड बंद करा, थोडं मागे सरा, २एक्स झूम लावा आणि सकाळचा तिरपा उजेड बाजूने येऊ द्या.