उंचीरेषांचा नकाशा घेऊन अंधेरी: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या ऑक्टोबरमध्ये भारतीय सर्वेक्षण विभागाचा 1:50,000 मापाचा नकाशा मी संकेतस्थळावरून उतरवून घेतला. 2017 पासून हे नकाशे मोफत मिळतात, फक्त नोंदणी करावी लागते. डोंगरात भटकणाऱ्यांना हा नकाशा नवा नाही. मी मात्र तो घेतला अंधेरीसाठी. अकरा वर्षं इथे राहते, पण स्टेशन, घर, ऑफिस आणि बाजार सोडून पाचवी जागा दाखवा म्हटलं तर गडबडले असते. आता नऊ महिने झाले, जवळजवळ प्रत्येक रविवारी नकाशा सोबत होता, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी वापराचं. फोनवर पीडीएफ उघडून बघणं मला जमलं नाही. बोटांनी मोठं करत गेलं की आजूबाजूचं निसटतं, आणि या नकाशात आजूबाजूचंच महत्त्व आहे. साष्टीचा, म्हणजे ही उपनगरं ज्या बेटावर आहेत त्याचा, भाग तेवढा ए-थ्री कागदावर रंगीत छापून घेतला, मूळ मापातच. छापताना "पानात बसवा" हा पर्याय बंद करा, नाहीतर 1 सेंटिमीटर म्हणजे 500 मीटर हा हिशेब बिघडतो. माझी पहिली प्रत अशीच वाया गेली. लॅमिनेशन करू नका: घडी बसत नाही आणि पेन्सिल चालत नाही. साधी प्रत प्लास्टिकच्या पाकिटात ठेवली की पावसातही टिकते.

रंगांची भाषा एका संध्याकाळीत कळते. पाणी निळं, झाडी हिरवी, वस्ती तांबडी, उंचीरेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, तपकिरी. दोन रेषांमध्ये 20 मीटर चढ. रेषा दाटल्या की चढ उभा, विरळ झाल्या की सपाटी. पहिल्या दिवशी मी फक्त तपकिरी रेषांकडे बघत बसले. पूर्वेला विहार-तुळशी तलावांच्या बाजूला त्या एकमेकींवर रेलतात, डोंगर साडेचारशे मीटरच्या वर जातो. पश्चिमेला खाडीकडे रेषाच नाहीत. या दोहोंमधल्या सपाट पट्टीवरून रेल्वे गेली आहे. 12 एप्रिल 1867 रोजी विरारहून मुंबईकडे पहिली उपनगरी गाडी धावली, तेव्हा गोरेगावच्या स्थानकाचं नाव पहाडी होतं. जुन्या महसुली गावाचं ते नाव कागदोपत्री अजून आहे. नकाशा समोर ठेवला की ते नाव कशावरून पडलं असेल हे कुणी सांगायला लागत नाही.

पण ज्या एका गोष्टीसाठी मी हा नकाशा प्रत्येक उपनगरवासीयाला घ्यायला सांगेन, ती निळी आहे. मी चकाल्याजवळ राहते. समुद्र पश्चिमेला, तर आमच्याकडचा पाऊसही वर्सोव्याच्या बाजूलाच जात असणार, असं मी अकरा वर्षं धरून चालले होते. नकाशावर मरोळजवळून निळी रेषा बोटाने धरली आणि ती पश्चिमेला वळेचना. ती दक्षिणेला उतरली, विमानतळाला भिडली, कुर्ल्याकडून फिरली आणि माहीमच्या खाडीत गेली. ती मिठी नदी. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याचं पाणी घेऊन निघते आणि धावपट्टीच्या खालून जाते. उलट मोगरा नाला रेल्वे ओलांडून पश्चिमेला मालाडच्या खाडीकडे जातो. म्हणजे एकाच अंधेरीत पडणाऱ्या पावसाच्या दोन वाटा आहेत, आणि पाणलोटाची सीमा पूर्वेच्या बिऱ्हाडांमधून, इमारतींमधून, शाळांमधून जाते. ती जमिनीवर शोधायला मला तीन रविवार लागले. चालताना पोटऱ्यांना जाणवेल इतकाच चढ आहे, डोळ्यांना दिसतही नाही. त्या उंचवट्यावर उभी राहिले तेव्हा खरंच अंगावर काटा आला.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. मिठी कुठून कशी वळते हे बघितल्यावर त्या दिवशी कुर्ला, कलिना का बुडाले ते मला पहिल्यांदा नीट समजलं.

आता मर्यादा, आणि ती मोठी आहे. 20 मीटरच्या अंतराने काढलेल्या रेषा सपाट भागात काहीच सांगत नाहीत. अंधेरीचा सबवे दर पावसाळ्यात भरतो, पण तिथली खोलगट जागा या नकाशात दिसणार नाही. पाणी तुंबायला दोन मीटरचा फरक पुरतो. तसंच गावठाणांचं. तीन मीटरची गल्ली या मापात 0.06 मिलिमीटर होते, ती कोण छापणार? आंबोलीचं गावठाण, मरोळचं गावठाण, वेसाव्याचा कोळीवाडा हे सगळं नकाशावर तांबड्या रंगात विरघळून जातं. आणि उपनगराचा इतिहास तर तिथेच आहे. साष्टी हे नाव सहासष्ट गावांवरून आलं असं सांगतात. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत 1737 मध्ये हे बेट मराठ्यांकडे आलं आणि 1782 च्या सालबाईच्या तहाने इंग्रजांकडे कायमचं गेलं. मुंबईच्या महापालिकेत ही गावं आली ती फार उशिरा, 1950 आणि 1957 मध्ये. त्याआधी ती गावंच होती, भातखाचरांची.

म्हणून गावठाणासाठी मी नकाशा पाकिटात ठेवते आणि पायांवर विसंबते. ओळखायची खूण सोपी आहे: सरळ चाललेला रस्ता अचानक वाकडा व्हायला लागला, घरं उतरत्या कौलांची झाली आणि चौकात फुलांची माळ घातलेला दगडी क्रूस दिसला, की आपण गावठाणात आलो. 1896 च्या प्लेगनंतर असे पुष्कळ क्रूस उभे राहिले. आंबोलीत एका क्रुसाजवळ मी कागद उलटासुलटा करत होते, तेव्हा ओट्यावर बसलेल्या एका आजींनी विचारलं, "काय गं, घर शोधतेस का?" म्हटलं, "नाही आजी, विहीर. इथे कुठे होती का?" त्या उठल्या, मला दोन घरांच्या मधून मागच्या अंगणात नेलं आणि पायाने लोखंडी जाळीवर टकटक केलं. खाली काळं पाणी हललं. "ह्याच पाण्यावर आमच्या घरातली सगळी लग्नं झाली," त्या म्हणाल्या. ती विहीर मी पेन्सिलने नकाशावर टिंब करून मांडली. आता अशी चौदा टिंबं आहेत.

गिल्बर्ट हिलवर तर मी चार वेळा गेले. सुमारे 61 मीटर उंचीचा, उभ्या स्तंभांचा काळा बेसॉल्ट, वय अंदाजे 6.6 कोटी वर्षं. आजूबाजूचा खडक खाणींनी कधीच नेला, हा तेवढा उरला. खाली उभं राहून वर बघा: चुलीला लावायच्या लाकडांची मोळी उभी करून ठेवावी तसे दगडाचे खांब एकमेकांना चिकटलेले आहेत. मधल्या फटींतून पिंपळाची रोपं फुटली आहेत. तळाशी थेट घरांच्या भिंती आणि कपड्यांच्या दोऱ्या. वर गावदेवीचं देऊळ. तिथून पूर्वेकडे तोंड केलं की नकाशातली ती दाट तपकिरी रांग क्षितिजावर प्रत्यक्ष दिसते. कागद आणि डोंगर एकाच वेळी समोर धरायचे असतील तर अंधेरीत यासारखी जागा नाही. पूर्वेला महाकालीची, म्हणजे कोंडिविट्याची लेणी आहेत, एकोणीस बौद्ध लेणी. तिथे सकाळी लवकर जा.

एक गोष्ट मात्र नकाशात नाही आणि ती मला फार हवी होती. 1928 मध्ये ट्रॉम्बेहून चेंबूर, कुर्ल्यामार्गे अंधेरीपर्यंत 13 किलोमीटरची रेल्वे सुरू झाली होती आणि 1934 मध्ये ती बंदही पडली. आजच्या नकाशात तिचा मागमूस नाही. मी अंदाजाने दोन रविवार हिंडले, हाती काही लागलं नाही. पण 8 जून 2014 ला वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो सुरू झाली, तेव्हा अंधेरीतून पूर्वेकडे जाणारा रूळ बरोबर 80 वर्षांनी परत आला होता. हे कळल्यापासून मेट्रोत मी खिडकीजवळची जागा सोडत नाही.

घ्यावा का? फक्त रस्ता शोधायचा असेल तर नको, फोन पुरे. आपण राहतो ती जमीन कशी आहे हे समजून घ्यायचं असेल तर नक्की घ्या, पण सोबत पेन्सिल हवी आणि लोकांशी बोलायची तयारी हवी. मुलांनाही द्या. माझ्या भाच्याने पहिल्याच दिवशी विचारलं, "मावशी, नदीवर विमानतळ कसा बांधला?" त्याला घेऊन मी मरोळपासून मिठीच्या कडेने जमेल तितकं चालले. दोन ठिकाणी वाट बंद होती, एका ठिकाणी वासाने परतावं लागलं. तरी त्याने वहीत नदी काढली, वळणासकट.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात मी छत्री घेऊन त्या उंचवट्यावर जाऊन उभी राहिले. रस्त्याच्या एका कडेचं पाणी स्टेशनच्या दिशेने निघालं होतं, दुसऱ्या कडेचं मरोळच्या. प्रत भिजू नये म्हणून पाकीट पदराखाली धरलं आणि तिथे पेन्सिलने छोटी फुली मारली. माझी पंधरावी खूण.