मान फाटलेली कोंबडी: घरी सांभाळावी, दवाखान्यात न्यावी की कापावी?

मुंगसाच्या नाहीतर बोक्याच्या तोंडून सुटून कोंबडी अंगणात आली की घरात तीन मतं तयारच असतात. आजी हळदीचा डबा शोधते, पोरगं गाडीची किल्ली शोधतं, आणि ओसरीवरून कोणीतरी म्हणतंच, "कापून टाक ना बापा, काहून हाल करतं तिचे?" तिन्ही मतं आपापल्या जागी खरी आहेत. गडबड होते ती निवडताना, कारण आपण रक्त पाहून ठरवतो.

माझा अनुभव उलटा सांगतो. कातडी लोंबते आहे, लाल मांस उघडं पडलं आहे, पाहवत नाही, पण कोंबडी पायावर उभी आहे आणि पाणी पिते आहे, तर ती बहुतेक वेळा घरीच बरी होते. पिसांखाली दोनच बारीक भोकं आहेत आणि घरचे म्हणतात "काही झालं नाही", ती दवाखान्याची. मांजराचे दात सुईसारखे खोल जातात, वरचं भोक लगेच बुजतं आणि घाण आत राहते. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचा जंतू बऱ्याचदा असतो. कोंबड्यांना फाऊल कॉलरा होतो तो याच जंतूनं. त्यात कोंबडीचा पू आपल्यासारखा वाहत नाही, कातडीखाली पिवळी घट्ट गाठ होऊन बसतो. म्हणून "पू नाही, मग बरं आहे" हा हिशोब इथं चालत नाही.

काहीही ठरवण्याआधी तिला वेगळं करा. खोक्यात कुटार किंवा तणस अंथरा, अंधार आणि शांतता ठेवा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडकं काही मिनिटं दाबून धरा, पण नरडं दाबू नका. थंडीत ऊब द्या. मे महिन्यात मात्र बल्ब लावायच्या भानगडीत पडू नका, आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशांत ती धक्क्याआधी उन्हानं जाईल. अंग हाताला गरम लागतं म्हणून ताप समजू नका, कोंबडीचं नेहमीचं तापमानच 41 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं.

ती सावरली की मानेची पिसं बाजूला करून पाहा. जखमेभोवतीची पिसं कात्रीनं कापा, उपटू नका. मग वाटीभर पाणी पुढे ठेवा आणि ती पिताना मानेकडे बघत राहा. पाणी किंवा दाणा जखमेतून बाहेर आला, तर अन्ननळी किंवा गळ्याखालची दाण्याची पिशवी फाटली आहे, तिथं घरचा उपाय संपला. मानेची कातडी फुगली असेल आणि बोटानं दाबल्यावर खाली चुरचुर लागत असेल, तर आतून हवा भरते आहे. थोडी असली तर कधी कधी आपोआप जिरते. फुगा वाढत असेल आणि चोच उघडून श्वास चालला असेल, तर थांबू नका.

एक गोष्ट वेगळी काढा. जखम कुठंच नाही, मान मात्र पिळवटली आहे, हिरवट-पांढरी हगवण आहे, दुसऱ्या कोंबड्याही मलूल आहेत, तर हा मुंगसाचा मामला नाही. ती मानमोडी, म्हणजे राणीखेत हा कोंबड्यांचा साथीचा रोग असू शकतो. तिला कळपापासून लांब ठेवा आणि डॉक्टरांना कळवा.

घरी सांभाळायची तर

पैसा कमी लागतो, पण रोज सकाळ-संध्याकाळ जखम बघायला माणूस लागतो. पेरणीच्या किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत घरात तसं कोणी नसेल तर हा पर्याय कागदावरच स्वस्त आहे.

लिटरभर उकळून कोमट केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट दीड चमचा, टाकून जखम भरपूर धुवा. मग पोव्हिडोन आयोडीन पाण्यात फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावा. हळदीला माझा राग नाही, पण डब्यातली हळद जंतुमुक्त नसते आणि तिचा थर बसला की खाली काय चाललंय ते दिसत नाही. दोन्हींतलं एक घ्यायचं तर मी आयोडीन घेईन. हायड्रोजन पेरॉक्साइड रोज ओतलं तर भरून येणारं नवं मांसच जळतं. चुना, रॉकेल, गुरांच्या किड्यांसाठी आणलेलं टर्पेंटाइन या कातडीला झेपत नाही. लोंबती कातडी कापू नका, धुऊन जागेवर बसवा.

दोन-तीन दिवसांनी जखमेभोवती हिरवा रंग दिसला की लोक घाबरतात. पक्ष्यांत मुका मार हिरवाच दिसतो, ते सडणं नव्हे. वास येऊ लागला, काळं पडलं तर काळजी करा. पावसाळ्यात खरी भीती माशीची. सकाळी घातलेल्या अंड्यांतून दुसऱ्या दिवशी अळ्या निघतात, म्हणून खोक्यावर मच्छरदाणीचा तुकडा टाकाच. खायला भिजवलेल्या कण्या, उकडलेलं अंडं. कळपात सोडायची घाई नको. लाल दिसलं की बाकीच्या टोचून टोचून मारतात.

दवाखान्यात न्यायची तर

डॉक्टर आतपर्यंत धुतात, वजनावर प्रतिजैविक देतात, वेदनेचं औषध देतात. टाके घालतीलच असं नाही. चावल्याची जखम बंद केली तर घाण आत कोंडते, म्हणून ती बऱ्याचदा मुद्दाम उघडी ठेवतात. "टाकेसुद्धा नाही मारले" म्हणून रागावू नका.

अडचणही खरी आहे. तालुक्याच्या दवाखान्यात गाई-बकऱ्यांची रांग असते आणि एका कोंबडीसाठी गाडी काढणं घरात पटत नाही. चारशे-पाचशेच्या कोंबडीवर तेवढाच खर्च करायचा का, हा प्रश्न कोत्या मनाचा नाही. अंड्यावरची, खुडुक बसून पिल्लं काढणारी गावरान असेल तर मी नेईन. कापायलाच ठेवलेला कोंबडा असेल तर नाही. जायचं तर सकाळी, उन्हाच्या आत. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 वर फोन करता येतो, आणि नागपूरच्या आसपास असाल तर तिथलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

बकरीचं उरलेलं इंजेक्शन किंवा घरातली डायक्लोफेनॅक गोळी अंदाजानं देऊ नका. डायक्लोफेनॅकनंच गिधाडं संपत आली आणि 2006 मध्ये जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली. औषध दिलेल्या कोंबडीची अंडी आणि मांस किती दिवस खायचं नाही, ते डॉक्टरांना विचारूनच निघा.

कापायची तर

मान लुळी पडली, पाय हलत नाहीत, श्वासाबरोबर रक्ताचे बुडबुडे येतात, तर लगेच, त्याच तासाला. उद्या बघू म्हणणं म्हणजे रात्रभर हाल. ताज्या हल्ल्यानंतर लगेच कापली तर चावलेला भाग टाकून बाकीचं नीट शिजवून खातात. चावणारं जनावर पिसाळलेलं असल्याचा संशय असेल, किंवा कोंबडी दोन दिवस मलूल होती, तर खाऊ नका. खोल पुरा. नाल्यात टाकली की कुत्र्यांना गावातल्या कोंबडीची चटक लागते. हातावर ओरखडा असताना चावणाऱ्या जनावराची लाळ लागली असेल तर साबणानं 15 मिनिटं धुवा आणि आरोग्य केंद्रात दाखवा.

घरी ठेवली तर तिसऱ्या दिवशी पुन्हा ठरवा. खाते आहे, सकाळी दाण्याची पिशवी रिकामी लागते, जखमेत ओलसर गुलाबी मांस दिसतं, तर चालू द्या. यातलं एक जरी नसेल तर गाडी काढा. आणि पहिल्याच रात्री खुराड्याची फट बुजवा, कारण मुंगूस जिथून आलं तिथूनच परत येतं. पऱ्हाट्यांचा कूड त्याला अडवत नाही, अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी अडवते.